पिचरची जन्मतारीख

ज्ञानकोशातल्या माणसाची पहिली ओळ ठरलेली असते. आधी नाव, मग कंसात जन्मतारीख, आडवी रेघ, मृत्यूची तारीख, आणि मग तो कोण होता ते. पुढे कितीही लिहिलेलं असो, बहुतेक लोक त्या पहिल्या ओळीवरच थांबतात, ती उचलतात आणि कुठेतरी चिकटवतात. म्हणून त्या ओळीच्या बाबतीत मी फार खाष्ट आहे. खाष्ट हा शब्द माझा नाही, आमच्या शाळेतल्या शिपायांचा. मुलींच्या शाळेत मी ग्रंथपाल होते आणि पुस्तकाचं पान दुमडलेलं दिसलं की माझा आवाज पार मैदानापर्यंत ऐकू जायचा म्हणे. निवृत्त झाल्यावर ओरडायला कोणी उरलं नाही. नवरा आधीच गेलेला, मुलगी बंगळुरात. मग इंटरनेटवरच्या एका मराठी ज्ञानकोशात, जिथे कोणीही येऊन लिहितं, तिथे मी लेख तपासायला लागले. पगार नाही, पाटी नाही, चहासुद्धा आपला आपणच करून प्यायचा. लोक लिहितात, मी कापते.

मागच्या उन्हाळ्यात माझ्याकडे एका बेसबॉल पिचरवरचा लेख आला. पिचर म्हणजे चेंडू टाकणारा. पोरगा सोलापूरचाच, राज्याकडून खेळलेला, एकदा देशाच्या संघातून बाहेरदेशीही जाऊन आलेला, आणि आता हयात नसलेला. मी लेख उघडला आणि कपाळावर हात मारून घेतला. सोलापूरच्या मातीतला हिरा काय, चेंडूचा जादूगार काय, नियतीचा क्रूर घाला काय. चौकातल्या सत्काराच्या फ्लेक्सवरून उतरवून काढल्यासारखं सगळं. संदर्भ म्हणाल तर दोन. लेखाच्या मागे चर्चापान असतं, तिथे लेखावर भांडायचं असतं. त्या पानावर मी लेखकाला चांगलं फैलावर घेतलं. त्याचं एवढंसं उत्तर आलं, की मॅडम, मी त्याचा कॅचर होतो, मला लिहिता येत नाही, तुम्ही सांगाल तसं करतो.

आता यावर काय चिडणार. तोही सोलापुरातच होता, म्हणून त्याला घरीच बोलावलं. पस्तिशीच्या आतला मुसलमान मुलगा, वडील ट्रकवर, हा ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात. बोलताना अर्धं मराठी, अर्धं घरचं दख्खनी. कॅचर म्हणजे पिचरनं टाकलेला चेंडू पकडायला समोर उकिडवा बसणारा, हे त्यानं मला समजावलं. शाळेपासून तो त्याच्या समोर असाच बसत आला होता. चेंडू हवेत वळतो म्हणजे काय हे मला काही केल्या कळेना, तेव्हा त्यानं ओट्यावरच्या परडीतून एक कांदा उचलला, दोन बोटं त्याच्यावर अशी आडवी धरली आणि मनगट कसं फिरवायचं ते दाखवलं. मग म्हणाला, हे मी नुसतं दाखवतोय, टाकणारा तो होता. कांदा परत परडीत ठेवताना त्यानं तो जरा जपूनच ठेवला.

दर रविवारी दुपारी आम्ही बसायचो. तो शेजारी खुर्चीवर, मी कॉम्प्युटरसमोर, आणि एकेक विशेषण उडत चाललेलं. जादूगार गेला. हिरा गेला. मी त्याला म्हटलं, बाबा रे, जादूगार कशावरून, कोणी छापलंय का कुठे? तो म्हणाला की बॅट घेऊन उभे राहिलेले मोठमोठे लोक चेंडू कुठनं आला ते शोधत राहायचे, हे त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. मी म्हटलं, तुझे डोळे संदर्भ होत नाहीत. तो हसला. सवयीनं हसला असेल, पण हसला.

मृत्यूचा परिच्छेद आला तेव्हा मात्र मलाच कापताना जड गेलं. तो मुलगा माढ्याच्या एका शाळेत कंत्राटावर खेळाचा मास्तर होता. शनिवारी शाळा सुटली की मोटारसायकलवर घरी यायचा. उसाचा हंगाम होता. टेंभुर्णीच्या जवळ रस्त्याच्या कडेला भरलेली ट्रॉली उभी, मागे दिवा नाही, साधी लाल पट्टीसुद्धा नाही. आमच्याकडे दर हंगामात असं कोणी ना कोणी जातं आणि पेपरात चार ओळी येतात. कॅचरनं लिहिलं होतं, काळानं झडप घातली. मी ते काढलं आणि लिहिलं, दुचाकी उसाच्या उभ्या ट्रॉलीवर आदळून मृत्यू. संदर्भ होता, तारीख होती, पोलीस ठाण्याचं नाव होतं. त्यानं ती ओळ वाचली, हात धुऊन येतो म्हणाला, आणि मोरीतला नळ बराच वेळ चालू राहिला. माझ्या घरात पाणी वाया गेलेलं मला खपत नाही, पण त्या दिवशी मी तो चालू दिला.

राहता राहिली जन्मतारीख. त्यानं लिहिली होती एक जून, आणि पुढे संदर्भ नव्हता. एक जून बघितला की माझं डोकं फिरतं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. पूर्वी खेड्यात पोराला शाळेत घालायला न्यायचे जूनमध्ये. गुरुजी विचारायचे, जन्म कधीचा? बाप डोकं खाजवायचा. गुरुजी पोराकडे बघून अंदाजानं वर्ष धरायचे आणि दिवस लिहायचे एक जून, म्हणजे वयाचा हिशोब सोपा. आमच्या जिल्ह्यात निम्मी माणसं एक जूनला जन्मलेली आहेत. माझ्या शाळेत त्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत इतके पेढे यायचे की शेवटी ते शिपायांच्या डब्यात जायचे.

मी स्वतः एक जूनची. बँकेचा मेसेज येतो, विमावाल्यांचा येतो, मुलगी व्हिडिओवर केक दाखवते. माझा खरा दिवस आईला माहीत होता. ती म्हणायची, तू झालीस तेव्हा अंगणात शेंगा वाळत घातल्या होत्या. म्हणजे दिवाळीच्या आगेमागे असेन. नेमकं कधी, हे विचारायचं राहिलं, आणि ती गेली. आता जगात कोणालाच ते ठाऊक नाही. एरवी याचं काही वाटत नाही मला, पण एक जूनला सकाळी पहिला मेसेज वाजला की वाटतं.

तर मी कॅचरला सांगितलं, या तारखेला संदर्भ आण. तो बिचारा सरळ त्या मुलाच्या आईकडे गेला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तीच माझ्या दारात उभी.

बाई साठीच्या आसपासची. मूळची माढा तालुक्यातली, नवऱ्यामागं शहरात आलेली, नवरा गेल्यावर घरीच कडक भाकऱ्या करून दुकानाला घालणारी. तळहात भाजून भाजून गुळगुळीत झालेले. खुर्चीवर बसली नाही, जमिनीवर बसली, आणि मग मीही खालीच बसले. पाणी प्यायली. म्हणाली, ते एक जून खोटं हाय, ते काढा. तो भोगीचा हाय.

भोगी म्हणजे संक्रांतीचा आदला दिवस. ती माहेरी बाळंतपणाला गेलेली. सकाळी न्हाणं झालं, चुलीवर भोगीची भाजी रटरटत होती, आई बाजरीच्या भाकरीला तीळ लावत होती आणि हिच्या पोटात कळ आली. पोरगा झाला तरी भाजीखालचा जाळ कोणी काढला नव्हता, ती करपली, आणि त्या दिवशी सगळं घर करपलेली भाजी खाऊन हसत होतं. तिनं हे इतकं सरळ सांगितलं की मी विचारायचं म्हणून वर्ष विचारलं. वर्ष शाळेच्या दाखल्यावर होतं तेच बरोबर होतं, दिवस तेवढा गुरुजींचा, कारण शाळेत घालायला बाप गेला होता. पोरगा मोठा झाला तरी दर भोगीला ती त्याच्या ताटात पहिली वाढायची आणि म्हणायची, खा, तुझी भाजी.

तिला नेमकं काय पाहिजे होतं तेही तिनं सांगितलं. तो गेल्यावर त्याच्याबरोबर खेळलेली पोरं एक जूनला मोबाईलवर त्याचा फोटो लावतात, खाली दोन ओळी लिहितात, तिला फोन करतात. ती फोन घेते, हो हो म्हणते. भोगीला मात्र कोणाचाही फोन नाही. तो गेला तो उसाच्या हंगामात, मागून लगेच भोगी आली, आणि दुखवट्याच्या वर्षात सण नसतो म्हणून तिनं चूलही पेटवली नाही.

"एक जूनला समदी त्याची याद काढत्यात," ती म्हणाली. "त्याच्या खऱ्या दिवशी मी एकलीच असते, बाई. कॅचर म्हनतो, तुमच्या त्या पुस्तकात घातलं की समद्या जगाला दिसतंय. तितं भोगीचं घाला."

मी तिला आमचा नियम समजावून सांगायला बसले. शाळेत पोरींना सांगायचे तसं, हळूहळू. आम्ही स्वतः काही ठरवत नाही. कुठेतरी छापून आलेलं असावं लागतं, तेच आम्ही घेतो. कोणी येऊन सांगितलं म्हणून घालत नाही, मग तो मित्र असो, भाऊ असो. ती ऐकत होती. मग मला ते बोलावंच लागलं.

"आईनं सांगितलेलं धरत नाहीत," मी म्हणाले.

तिनं माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता तिच्या डोळ्यांत, नुसती न कळल्याची मुद्रा.

"मी तितंच हुते की," ती म्हणाली.

मला शरमल्यासारखं झालं आणि रागही आला, कोणाचा ते कळेना. नियम माझा नाही. पण तो चांगला नियम आहे, हे मी आजही म्हणेन. तो नसता तर जादूगार आणि हिरे यांच्या ढिगाखाली तो मुलगा कुठेच दिसला नसता. मी मधला मार्ग काढला. म्हटलं, दिवस काढूनच टाकते, नुसतं वर्ष ठेवते, म्हणजे खोटं तरी राहणार नाही. ती म्हणाली, खोटं जाईल, पण खरं कुठं आलं? मग विचार करून म्हणाली, पेपरात छापून आलं तर चालंल का?

मी म्हटलं, बघता येईल. पैसे देऊन छापलेल्या जाहिरातीचा संदर्भ आमच्यात दुबळाच समजतात, पण जन्मतारखेपुरता कधी कधी चालवून घेतात. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून हे तिला सांगायचा धीर झाला नाही.

आमच्याकडे गेलेल्या माणसाची जयंती पेपरात द्यायची पद्धत आहे. चौकोनात फोटो, हार, खाली जन्म, मृत्यू, आणि शोकाकुल मंडळींची नावं. तिनं ठरवलं, येत्या भोगीला द्यायची, म्हणजे दिवसही तोच आणि तारीखही तीच. सगळा पावसाळा आणि दिवाळी तिची त्याच नादात गेली. फोटो कुठला, हातात चेंडू असलेला की साधा, हे तिनं मला दोनदा फोन करून विचारलं. मी म्हटलं, चेंडू असलेला. माझं काय जातंय म्हणून म्हटलं नाही, खरंच मला तोच आवडला होता. त्यात तो हसत नव्हता, समोर कुठेतरी नीट बघत होता.

संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात ती पेपरच्या कचेरीत गेली. कॅचर सोबत होता, पण ऑफिसातून सारखे फोन यायला लागले म्हणून तिला खिडकीपाशी सोडून तो निघाला. कोणीही उठून जिवंत माणसाची श्रद्धांजली छापून आणायला लागलं, तेव्हापासून तिथे गेलेल्याचं ओळखपत्र आणि मृत्यूचा दाखला मागतात. तिनं दोन्ही दिलं. खिडकीतल्या माणसानं आधारकार्ड बघितलं आणि तिला सांगितलं, मावशी, यावर जन्म एक जून आहे, मग भोगीला जयंती कशी? ती म्हणाली, तो भोगीचाच हाय. तो म्हणाला, बरं, आपण जयंती लिहायला नको, स्मृतीस अभिवादन लिहू, भोगीलाच छापू. तिला वाटलं, मिटलं. मजकूर कॉम्प्युटरवर लावून त्यानं तो तिच्यापुढे धरला. ती अक्षर लावून लावून वाचणारी, मागे रांग. तिनं फोटो बघितला, मुलाचं नाव नीट आहे ते बघितलं आणि सही केली. त्या माणसानं काही वाईट केलं नाही. कागदावर होतं ते त्यानं घातलं.

भोगीच्या दिवशी सकाळी मी बाजरीचं पीठ मळत होते आणि कॅचरचा फोन आला. म्हणाला, मॅडम, पेपर बघा. मी पेपर उघडला. पाचव्या पानावर तो मुलगा, हातात चेंडू, समोर बघतोय. खाली, जन्म: १ जून. आणि तळाशी एकच नाव, आई.

कॅचर म्हणत होता की तो जाऊन भांडतो. मी त्याला म्हटलं, गप बस, कोण बघतंय एवढ्याशा चौकोनाकडे, आपल्या लेखात नुसतं वर्ष आहे, तसंच राहू दे. पुढच्या वर्षी नीट देऊ. मी हे त्याला समजावलं तसं स्वतःलाही समजावलं, आणि पीठ तसंच झाकून ठेवून दिलं. दुपारी त्या आईला फोन केला. ती म्हणाली, कॅचरनं मला वाचून दाखवलंय.

पण आमच्या कामात बघणारे असतात. लेख शेवटच्या मंजुरीला गेला होता, आणि तिथे पुण्याचा एक तपासनीस आहे, तरुण असावा, कधी भेटलेला नाही. फार मेहनती. चार दिवसांनी मी लेख उघडला तर पहिली ओळ पूर्ण भरलेली. कंसात एक जून, वर्ष, आडवी रेघ, मृत्यूची तारीख. जन्मतारखेवर संदर्भाचा छोटा आकडा, आणि खाली त्या पेपरचं नाव, पान पाचवं. चर्चापानावर त्यानं लिहिलं होतं की जन्मतारखेची उणीव होती, ती भरून काढली, आता लेख सर्वांगपूर्ण झाला, आणि पुढे दोन हात जोडलेलं चित्र.

मी त्याच्याशी भांडले. माझ्या सगळ्या आयुष्यात शिपायांवर ओरडले नसेन इतकी भांडले. लिहिलं, ती तारीख चुकीची आहे, मला माहीत आहे. त्यानं नम्रपणे विचारलं, कशावरून? मी लिहिलं, त्याच्या आईनं मला सांगितलंय. त्यानं लिहिलं, मॅडम, आपणच आम्हाला शिकवलंत की तोंडी माहिती धरायची नाही, आणि शिवाय ही जाहिरात आईनंच दिलेली आहे, खाली नाव आहे. मी बराच वेळ त्या चौकटीत लिहीत होते आणि पुसत होते. त्याच संध्याकाळी लेख मंजूर झाला आणि त्याच्या डोक्यावर उत्तम लेखाची खूण आली. तपासणारी म्हणून माझं अभिनंदनही झालं.

हे फोनवर सांगायचं मला धाडस होईना. दुसऱ्या दिवशी तिच्या घरी गेले. ती भाकऱ्या थापून, भाजून उन्हात वाळायला लावत होती. मला बघून उठली, हात पुसले, चहा टाकते म्हणाली. मी नको म्हटलं आणि सगळं सांगितलं. ती म्हणाली, वाचून दावा. मी मोबाईलवर लेख उघडला आणि वाचायला लागले. नाव. जन्म, एक जून. मृत्यू. डावखुरा पिचर. कुठे शिकला, कोणाविरुद्ध खेळला, चेंडू कसा वळायचा, टेंभुर्णी, ट्रॉली. मला वाटलं होतं ती मध्येच थांबवील. तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

"लई चांगलं लिवलंय," ती म्हणाली. मग पदर सारखा करून तिनं विचारलं, "मग आता त्याचं एक जूनलाच करू व्हय?"

मी म्हटलं, असं कसं, तुम्ही भोगीलाच करा, तुम्हाला माहीत आहे ना.

"मला म्हायती असून काय," ती म्हणाली. "पोरं एक जूनलाच येनार. कवातरी येऊ द्यात." भिंतीवर कॅलेंडर होतं, तिकडे तिनं बोट केलं. "यंदा एक जून कुटल्या वारी येतोय, बघा की जरा."

मी उठले. पानं उलटली. जून काढला.

"सोमवार," मी म्हणाले.

"सोमवारी माजा उपास असतो," ती म्हणाली. खाली बसून तिनं पुढचा गोळा हातात घेतला आणि थोडा वेळ नुसताच धरून ठेवला. "चालंल. सांजच्याला सोडताना करीन त्याची भाजी."